सुतावरून मँचेस्टर

मुलीच्या बापाने व्याह्यांशी वाद घालू नये, हा संकेत आमच्या वऱ्हाडात अजून कसोशीने पाळला जातो. मानपान नको, आहेर नको, नोंदणी पद्धतीने अर्ध्या तासात उरकून टाकू, असे म्हणणाऱ्या सुधारलेल्या घरांतही तो पाळला जातो. समुद्र ओलांडल्यावर तरी तो रद्द होईल, अशी जी अंधूक आशा मी मनात धरून होतो, ती मँचेस्टरच्या विमानतळावर आबासाहेबांनी माझ्या हातातली बॅग काढून घेऊन "व्याहीबुवा, दमला असाल," असे म्हटले तेव्हाच मावळली. त्या वाक्यात आदर नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु मुलाचा बाप जेव्हा मुलीच्या बापाची बॅग उचलतो, तेव्हा पुढचा सगळा मुक्काम मुलीच्या बापाला मान डोलावण्यातच काढावा लागतो, हे कळण्याइतकी लग्ने मी पाहिली आहेत.

आबासाहेब लालबागचे. गिरणीच्या त्रासन खात्यात, म्हणजे जिथे प्रत्यक्ष सूत कातले जाते त्या खात्यात, ते बदली कामगार म्हणून लागले आणि जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, शिव्या खात खात स्वतः जॉबर झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने त्यांना इतर सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर रस्त्यावर आणले. त्यानंतर रखवालीपासून रिक्षापर्यंत सगळे करून त्यांनी मुलाला इंजिनियर केले, आणि तो मुलगा आज आमचा जावई आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातला. नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्याची, पण घरची शेती पऱ्हाटीची. शकुंतला रेल्वेच्या डब्यांत गठाणी चढताना पाहतच मी लहानाचा मोठा झालो. म्हणजे लग्नाच्या बोलण्यांत पत्रिका जुळली, गोत्र जुळले, शिक्षण जुळले. परंतु कापूस पिकवणाऱ्याचे घर आणि कापूस कातणाऱ्याचे घर यांच्यात पिढ्यान्पिढ्यांचे वाकडे असते, याची चौकशी कोणीही केली नाही. साखरपुड्याच्या पंगतीत आबासाहेबांनी मला जिलबी वाढत पहिला प्रश्न विचारला होता तो असा की, तुमच्याकडच्या कापसात दगड कोण घालायचे?

एवढ्या पार्श्वभूमीवर आम्हां दोघांना एकाच गाडीत बसवून जुन्या सूतगिरणीतले संग्रहालय दाखवायला नेणे, हे माझ्या मते धाडस होते. त्यामागचे कारण मात्र साधे आणि आर्थिक होते. जावईबापूंनी नॅशनल ट्रस्टचे, म्हणजे तिथल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचे, वार्षिक सभासदत्व घेतले आहे. एकदा वर्गणी भरली की पुढे तिकीट पडत नाही, त्यामुळे जितकी ठिकाणे पाहावीत तितकी वर्गणी वसूल होते, असा हिशेब त्यांनी मांडला आहे. आणि त्या हिशेबापायी आम्ही सरदारांचे वाडे, सरदारांच्या बागा, सरदारांचे तबेले आणि ज्यांत सरदार कधी गेलेच नसतील अशी स्वयंपाकघरे पाहून आधीच गुडघे गमावलेले होते. तेव्हा "आज गिरणी," असे जाहीर झाल्यावर दोन्ही विहिणींनी एकमेकींकडे पाहिले आणि तिथे बाग आहे का, बसायला बाक आहेत का, आणि चहा मिळतो का, एवढे तीन प्रश्न विचारून घेतले. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले. आबासाहेब मात्र काही न बोलता आत गेले आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले. बाही त्यांनी कोपरापर्यंत दुमडून घेतली होती, मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले होते, आणि गळ्यातला मफलर उतरवून ठेवला होता. थंडी आहे, असे सून म्हणाली, तर ते म्हणाले, "खात्यात लोंबतं काही घालून जात नाहीत."

क्वॉरी बँक नावाची ही गिरणी चेशायरमधल्या स्टायल गावाजवळ, बोलिन नदीच्या दरीत, मँचेस्टर विमानतळाच्या अगदी कुशीत आहे. इतकी की वरून विमान गेले की गाइड वाक्याच्या मध्येच थांबतो आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करतो. सॅम्युएल ग्रेग नावाच्या व्यापाऱ्याने ती १७८४ साली नदीच्या पाण्यावर चालवायला बांधली, १९३९ साली त्याच्या वंशजाने ती ट्रस्टला देऊन टाकली आणि १९५९ साली तिथले उत्पादन थांबले. लाल विटांची उंच इमारत, रांगेने खिडक्या, आणि शेजारीच, हाकेच्या अंतरावर, मालकाचे घर. ते घर पाहून आबासाहेब बराच वेळ उभे राहिले. "आमचे शेठ मलबार हिलला राहायचे," ते म्हणाले. "इथं मालकालाही यंत्राचा आवाज ऐकावा लागत असेल. बरं झालं." त्यांना ग्रेगबद्दल वाटलेली ही सहानुभूती पुढे फार टिकली नाही, कारण या घराण्याचा कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारा मळाही होता, हे आम्हांला आत गेल्यावर कळले, आणि गिरणीत राबणारे सुमारे निम्मे हात एके काळी लहान पोरांचे होते, हे त्याही आधी, टेकडीवरच्या शिकाऊ मुलांच्या घरातच कळले.

हे घर १७९० चे आहे. अनाथालयांतून आणि गरीब घरांतून आणलेली मुले, त्यांत मुली अधिक, तिथे ठेवलेली असत. एका बिछान्यात दोघे, पहाटे उठायचे, सहाला गिरणीत, आणि संध्याकाळपर्यंत काम. पळून जाणाऱ्या मुलीला केस कापण्याची धमकी दिली जाई. आजारी पडल्यास जळवा लावत. नाश्त्याला ओटची लापशी इतकी घट्ट शिजवत की ती मुलांच्या तळहातावर गोळा करून देता येई, हे गाइडबाईंनी सांगितले मात्र, विहीणबाईंनी आमच्या नातीचा दंड धरला. "ऐकलंस? आणि तुला वरणभात भरवायला दोन आज्या लागतात." नात सहा वर्षांची आहे आणि तिचे इंग्रजी आम्हां सर्वांपेक्षा चांगले आहे. तिने गाइडबाईंना विचारले की त्या मुलांना लापशीबरोबर आजीही मिळत होती का. गाइडबाईंनी नाही म्हटल्यावर तिने विहीणबाईंकडे असे पाहिले की विषय तिथेच संपला, आणि दोन्ही विहिणी औषधी वनस्पतींच्या वाफ्याकडे निघून गेल्या. तिथे त्यांना पुदिना सापडला, आणि त्यानंतर त्या संग्रहालयात परतल्या नाहीत.

आता मी एकटा आबासाहेबांच्या तावडीत होतो. माझ्यावर दुभाष्याचे काम सोपवलेले होते. मी जन्मभर इंग्रजी शिकवले असल्यामुळे कर्मणी प्रयोगाचे कर्तरीत रूपांतर मी झोपेतही करू शकतो, असा सर्वांचा समज आहे आणि तो खराही आहे. परंतु लँकेशायरच्या माणसाने कर्मणी प्रयोग केला तरी तो कळण्यासाठी आधी शब्द कळावे लागतात. हाताने सूत कातून दाखवणाऱ्या खोलीत जे वृद्ध स्वयंसेवक गृहस्थ होते, त्यांच्या बोलण्यातला दहातला एक शब्द माझ्या पदरात पडत होता. मी पहिल्या वाक्याचे भाषांतर जुळवत होतो तोवर आबासाहेब आणि ते गृहस्थ तिसऱ्या मुद्द्यावर पोचले होते. बॉबिन, रोव्हिंग, स्लायव्हर, ड्राफ्ट, ट्विस्ट, काउंट, डॉफिंग: आबासाहेबांच्या इंग्रजीत क्रियापदे नाहीत, पण नामे सगळी आहेत, आणि समोरच्या माणसाला नामेच हवी होती. "फोर्टीज काउंट?" असे आबासाहेबांनी बोटांत सूत चोळून विचारले, त्यावर त्या गृहस्थांनी मान हलवून वेगळा आकडा सांगितला, त्यावर आबासाहेबांनी ओठ काढले, आणि दोघे हसले. नंतर मला समजावून सांगण्यात आले की एक पौंड सुतात आठशे चाळीस वारांच्या जितक्या लडी बसतील तितका त्याचा नंबर, आणि नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. हे मला मराठीत समजावून सांगितले, यजमानांसमोर, सावकाश, ढ विद्यार्थ्याला सांगावे तसे.

माझी वेळ कापसाच्या टोपलीपाशी आली. तिथे बोंडातून नुकताच काढावा तसा सरकीसकट कापूस ठेवला होता आणि लोकांनी तो हाताळावा अशी अपेक्षा होती. मी चिमूटभर रुई घेतली, सरकी सोडवली, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून ओढली, पुन्हा जुळवली, पुन्हा ओढली, आणि उरलेल्या तंतूंची लांबी बोटाच्या पेरावर पाहिली. जिनिंगच्या दारात आमचे वडील अशीच रुई पाहत आणि अडत्याने भाव बोलण्याआधीच त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखत की हा आता कट्टी, म्हणजे कपात, लावणार. माझ्या त्या हालचालीने वृद्ध गृहस्थ फार प्रभावित झाले. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, भारतातून आलो आहे, आमच्याकडून कापूस मुंबईमार्गे थेट इथे येत असे, असे मी व्याकरणशुद्ध इंग्रजीत सांगितले. दुर्दैवाने ते त्यांना कळले, आणि त्यांनी ताबडतोब सुरतेची गोष्ट काढली.

ही गोष्ट मला ठाऊक होती आणि ती आबासाहेबांसमोर निघू नये यासाठी मी वाटेत मनोमन प्रार्थना केली होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा आटला. लाखो लोकांचे काम गेले, मोफत जेवणाच्या रांगा लागल्या. मग मुंबईहून कापूस येऊ लागला. तो खानदेशचा असो, वऱ्हाडचा असो की धारवाडचा, इथल्या बाजारात त्याचे नाव एकच, 'सुरत'. आखूड धाग्याचा, पाल्यापाचोळ्याने भरलेला, यंत्रावर चढवला की पदोपदी तुटणारा. तुकड्यावर मजुरी घेणाऱ्या कामगारांचे पोट प्रत्येक तुटलेल्या धाग्याबरोबर आणखी मारले जाई. तेव्हा एका प्रार्थनासभेत पाद्रीबाबा देवाकडे कापूस मागू लागले असता मागून कोणीतरी ओरडले म्हणे, "देवा, कापूस दे, पण सुरतेचा नको!"

मी हे भाषांतर करून सांगण्याची गरज पडली नाही. 'सुरत' आणि 'डर्टी' हे दोन शब्द आबासाहेबांना पुरले. त्यांचा चेहरा उजळला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, सात समुद्रांपलीकडे, आपल्यासारखाच एक त्रासनवाला आपल्याच व्याह्यांच्या कापसाला शिव्या घालत होता, याचा साक्षीपुरावा त्यांना मिळाला होता, आणि तोही गोऱ्या माणसाच्या तोंडून. "येस, येस," असे म्हणत त्यांनी गृहस्थांचा हात हातात घेतला. "स्टोन! वॉटर! लीफ!" आणि प्रत्येक शब्दागणिक माझ्याकडे बोट केले. मग मराठीत मला म्हणाले, "बघा व्याहीबुवा, मी म्हणत होतो की नाही? गठाण फोडली की आत काय निघेल याचा नेम नसायचा. एकदा तर चप्पल निघाली होती."

या विषयावर माझ्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. कापसात पाणी आणि माती शेतात मिसळत नाहीत, शेत आणि बंदर यांच्या मध्ये जे चार हात असतात तिथे मिसळतात. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा केला होता तो या मधल्या व्यापारामुळेच. शेतकऱ्याला जर एकच भाव मिळणार असेल, कापूस स्वच्छ असो की कचऱ्याचा, तर त्याने पाला निवडत बसावे ते कोणाच्या प्रेमाखातर? युद्धाच्या त्या तेजीत आमच्याकडे बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असे अजून सांगतात, पण १८६५ साली युद्ध संपले, मुंबईचे शेअरवाले बुडाले, भाव कोसळले, आणि मग त्या चांदीचे काय झाले हे कोणी सांगत नाही. हे सगळे माझ्या जिभेवर आले होते. परंतु मी मुलीचा बाप आहे. मी म्हणालो, "हो, चप्पल निघाली असेल."

पुढची खोली यंत्रांची. तिथे दारातच आवाजाची सूचना लावलेली होती आणि कानांसाठी संरक्षणाची सोय होती. आबासाहेबांनी ती नाकारली. कातायचे म्यूल यंत्र सुरू झाले तेव्हा चात्यांची, म्हणजे सूत पिळणाऱ्या फिरत्या दांड्यांची, लांबलचक रांग घेऊन एक गाडा जमिनीवरून आपल्या अंगावर येतो, येताना धागे ताणतो आणि पिळतो, आणि परत मागे जाताना ते गुंडाळतो. सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ साली हे शोधून काढले. गाडा बाहेर असेल तेवढ्या वेळात, ताणलेल्या धाग्यांच्या खाली सरपटत जाऊन लहान पोरे कापसाची धूळ झाडून घेत आणि तो परत फिरण्याआधी बाहेर पडत. निदान पडावीत अशी अपेक्षा असे. हे ऐकताना आमची नात माझ्या कोटाच्या आत शिरली. आबासाहेब मात्र दोरीला खेटून उभे राहिले, डोळे बारीक करून पाहू लागले, आणि पाहतापाहता त्यांच्यात बदल होऊ लागला. पाठ ताठ झाली. हात मागे गेले. नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धाग्यांवरून सरकू लागली. जो माणूस घरी स्वतःचा चष्मा कपाळावर असताना शोधतो, त्याला पंधरा फुटांवर तुटलेला धागा दिसला. त्याने यंत्र चालवणाऱ्या स्वयंसेवकाला हाताने खूण केली: तिकडे, डावीकडून, खालचा. स्वयंसेवकाने पाहिले, धागा खरोखरच तुटलेला होता, त्याने तो जोडला आणि अंगठा वर केला. आणखी एक तुटला. पुन्हा खूण. लँकेशायरच्या गिरण्यांतल्या कामगारांची ओठांच्या हालचालींनी बोलण्याची एक खास रीत होती, कारण त्या कोलाहलात दुसरे काही चालतच नसे; लालबागची रीत हातवाऱ्यांची असावी, पण दोघांचे चांगले जमले. आजूबाजूचे प्रेक्षक आता यंत्राऐवजी आबासाहेबांकडे पाहू लागले होते. एका बाईंनी त्यांचा फोटो काढला. त्यांना बहुधा ते संग्रहालयाचेच वाटले.

त्याच वेळी मला माझा सर्वांत चांगला मुद्दा सुचला. आबासाहेब जन्मभर ज्या रिंगफ्रेमवर, म्हणजे म्यूलनंतरच्या कातण्याच्या यंत्रावर, राबले, ती रिंग अमेरिकेत निघाली होती, पण लँकेशायरचे मालक आपल्या म्यूलला चिकटून बसले. आणि हिंदुस्थानात रिंगला ज्यांनी सुरुवातीलाच जवळ केले त्यांत जमशेटजी टाटा होते, आणि त्यांनी ती बसवली ती मुंबईत नव्हे, तर १८७७ साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये. नागपुरात! आमच्या विदर्भात, आमच्या कापसाच्या दारात! म्हणजे कातण्याच्या कामातही लालबागने आणि मँचेस्टरने आमच्याकडे पाहायला हवे होते. हा मुद्दा इतका बिनतोड होता की क्षणभर मी संकेत, मानपान, मुलीचे सासर, सगळे विसरलो, आबासाहेबांच्या कानाशी तोंड नेले आणि जोर लावून तो संपूर्ण मांडला, सनासकट. आबासाहेबांनी शांतपणे मान डोलावली. गाडा आत गेला, बाहेर आला. मग त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितले, "बाथरूम बाहेर उजवीकडे आहे."

यंत्र थांबल्यावर तो मुद्दा पुन्हा मांडण्याची हिंमत मला झाली नाही. आबासाहेब यंत्रांच्या बाजूंवरची ओतीव अक्षरे वाचत निघाले होते. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव ते शोधत होते, कारण मुंबईच्या गिरण्यांत या कंपनीची यंत्रे ढिगाने आली होती, आणि आबासाहेब ज्या यंत्रावर धागा जोडायला शिकले त्यावरही तेच नाव होते. ओल्डहॅम इथून फार लांब नाही, असे स्वयंसेवकाने सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून "जाऊ या का?" असे विचारले. मी घाईघाईने पाणचक्राकडे बोट दाखवले.

ते प्रचंड लोखंडी चक्र तळघरात आहे. माणसाला तिथे शांत वाटावे अशी अपेक्षा असते; पाणी पडते, चक्र फिरते, अंधार आहे, गार आहे. आबासाहेबांनी हवेचा वास घेतला आणि म्हणाले, "ही हवा वर खात्यात पाहिजे." कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून सूत कातायला दमट हवा लागते, लँकेशायरचा पाऊस आणि मुंबईची घामट हवा या दोन्हींचा गिरण्यांना उपयोगच झाला, आणि जिथे हवा पुरेशी ओली नसे तिथे खिडक्या बंद करून आत पाण्याचा फवारा मारत. त्या बंद खिडक्यांमागे कापसाची धूळ आणि ओल एकत्र खाऊन आबासाहेबांच्या थोरल्या भावाच्या छातीचे काय झाले, ते मला मुलीकडून कळले आहे. आबासाहेब स्वतः ते कधी बोलत नाहीत. इथे ते एवढेच म्हणाले की या पोरांना रविवार तरी मिळायचा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली तेव्हा. आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांतून पोरांचे कामाचे तास कमी करणारा पहिला कायदा १८८१ साली आला, त्याच्यामागे कामगारांची दया होती तशी मँचेस्टरच्या मालकांची मुंबईबद्दलची पोटदुखीही होती. हे मी बोललो, आणि या एका बाबतीत आबासाहेबांचे माझ्याशी एकमत झाले. दोघांनी मिळून मँचेस्टरला नावे ठेवायची असतील तर व्याही-व्याही पुष्कळ जवळ येऊ शकतात.

चहाच्या वेळी जावईबापूंनी वडिलांना विचारले, कसे वाटले. आबासाहेबांनी बशीत चहा ओतून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने ते आदराने पाहिले. "चांगलं ठेवलंय," ते म्हणाले. "आमच्या गिरणीची चिमणी तेवढी ठेवलीय. खाली मॉल. तिथं एक शर्ट साडेचार हजाराला बघितला, सूत धड नाही." काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय व्हायचे आहे, ते वर्षानुवर्षे चर्चेत आहे, असे मी त्यांना धीर देण्यासाठी म्हणालो. त्यावर ते म्हणाले की झाले तर बरेच, पण तोवर यंत्र चालवून दाखवायला माणूस कुठून आणणार? मग थोडे थांबून, "मी येईन म्हणावं. पण कापूस बघून घेईन."

आणि त्या क्षणी, स्कोनला जॅम लावत असताना, मला ते आठवले जे टोपलीपाशी आठवायला हवे होते. जगातला पहिला व्यापारी लागवडीचा संकरित कापूस, एच-४, हा १९७० साली भारतात तयार झाला, सी. टी. पटेल नावाच्या संशोधकाने केला, लांब धाग्याचा आणि भरघोस उताऱ्याचा, आणि ज्या संशोधन केंद्रात तो झाला ते केंद्र सुरतेला आहे. सुरतेला! ज्या नावाने लँकेशायरमध्ये देवाकडे तक्रार झाली त्याच गावी! आमच्या वावरात वडिलांनी तो लावला होता. आबासाहेब जॉबर होईपर्यंत त्यांच्या चात्यांवर आला असला पाहिजे. परंतु आता आबासाहेब सुनेला त्या चपलेची गोष्ट सांगत होते, आणि चप्पल डाव्या पायाची होती असे नव्याने कळले होते.

निघताना दुकानात अभिप्रायाची कार्डे ठेवलेली होती. आबासाहेबांनी एक घेतले, काउंटरवरचे पेन मागितले आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पाळी संपताना खात्याच्या वहीत लिहावे तसे, सगळी हकिकत लिहून काढली. म्यूल चालू आहे. धागे फार तुटतात, हवेत ओल कमी. झाडलोट चांगली. माणूस शिकाऊ आहे पण मन लावून करतो. कापूस चांगला, भारतीय नसावा. खाली त्यांनी सही केली, हुद्दा लिहिला, आणि कार्ड माझ्यापुढे सरकवले. "साक्षीदार म्हणून तुमचीही हवी, व्याहीबुवा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

मी शेवटच्या ओळीकडे पाहिले. मुलगी माझ्याकडे पाहत होती, जावईबापू मुद्दाम दुसरीकडे पाहत होते. मी सही केली. सहीखाली पत्त्यासाठी एक रेघ मोकळी होती, तीवर मी बारीक अक्षरांत लिहिले, 'एच-४ संकरित, सुरत, १९७०.' आबासाहेबांनी कार्ड उचलले, कपाळावरचा चष्मा शोधून डोळ्यांवर आणला, ते लांब धरून वाचले, जवळ धरून वाचले, आणि सुनेला हाक मारून विचारले की या कार्डावर खाडाखोड केलेली चालते का.